‘अस्सल मालवणी’च्या पाटीमागे काय शिजते?

जुलै महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात उतरणाऱ्या पर्यटकाला कणकवलीच्या अलीकडे-पलीकडे ‘अस्सल मालवणी’, ‘घरगुती मालवणी’, ‘खास मालवणी चव’ अशा पाट्या एकामागोमाग एक दिसू लागतात. गाडी थांबते, मंडळी आत जाऊन बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरमई आहे का? उत्तरही तितकेच ठरलेले : आहे, अगदी ताजी आहे. वस्तुतः महाराष्ट्रासह संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. शिवाय समुद्रही खवळलेला. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. मग ही ताजी सुरमई येते कोठून?

उत्तर गूढ नाही. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते. साहजिकच जूनच्या उत्तरार्धात तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशच्या बंदरांतील मासळी बर्फाच्या पेट्यांतून पश्चिमेकडे निघते. जोडीला शीतगृहांतील साठा असतोच. म्हणजे दादर किंवा कोथरूडहून चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास करून पर्यटक ज्या ताटावर बसतो, त्या ताटातील मासा कदाचित त्याच्याहून दुप्पट-तिप्पट प्रवास करून आलेला असतो. तोच मासा त्याला दादरच्या बाजारातही मिळाला असता. याला फसवणूक म्हणावे, तर गिऱ्हाइकाने मागितले तेच त्याला मिळाले आहे. खरा पेच आहे तो येथेच.

प्रवासात त्या त्या प्रदेशाचे अस्सल अन्न खावे, ही शहरी मध्यमवर्गाची हौस गेल्या पंचवीस वर्षांत चांगलीच वाढली. पूर्वी सहलीला निघताना दशम्या, पुरी-भाजी, चिवडा-लाडूंचे डबे बरोबर घेतले जात. बाहेरचे खाणे ही नाइलाजाची गोष्ट होती. आता बाहेरचे खाणे हाच सहलीचा हेतू असतो. दूरचित्रवाहिन्यांनी आणि पुढे मोबाइलवरील चित्रफितींनी या हौसेला खतपाणी घातले. मात्र मागणी वाढली की पुरवठा सुधारतो हा बाजाराचा सर्वसाधारण नियम येथे उलटा पडल्याचे दिसते. ‘अस्सल’च्या पाट्या जितक्या वाढल्या, तितके त्या प्रदेशातील घराघरांत रोज शिजणारे अन्न पर्यटकाच्या ताटापासून दूर गेले.

सिंधुदुर्गातील घराचा जुलै महिना कसा असतो, हे पाहिले म्हणजे हे अंतर लक्षात येते. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ-व्हाळ भरून वाहू लागले की प्रवाहाच्या उलट चढणारे मासे पकडायला गावातील पोरेबाळे धावतात. हे चढणीचे मासे म्हणजे वर्षातून काही दिवसांपुरतीच लाभणारी चंगळ. शेतात आणि व्हाळात कुर्ल्या सापडतात. खाडीत लहान होड्यांनी, पागाने थोडीफार मासळी मिळते. बाकी दिवस सुक्या मासळीचे : उन्हाळ्यात मीठ लावून वाळवलेले बांगडे निखाऱ्यावर भाजायचे आणि ओले खोबरे, कांदा, कोकम घालून त्याची किसमूर करायची. परसात आणि बांधावर टाकळा उगवतो. त्याच्या भाजीत उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या पडतात. भारंगी, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला हे सारे याच दिवसांतले. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात. पुढे श्रावण लागला की पुष्कळ घरांत मासळी बंदच होते आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला मान मिळतो.

थोडक्यात, ज्या महिन्यात कोकणाचे स्वतःचे ताट सर्वांत वेगळे असते, नेमक्या त्याच महिन्यात पाहुण्यापुढे वर्षभर सारखेच असणारे ताट ठेवले जाते. सुरमईची तुकडी, एक वाटी लालसर रस्सा, सोलकढी, दोन चपात्या, पांढरा भात. यातील चपाती ही कोकणच्या रोजच्या जेवणात उशिराने आलेली गोष्ट; भात बहुधा बाहेरून आलेल्या तांदळाचा. स्थानिक उकडा तांदूळ जाड आणि तांबूस असतो. तो वाढला तर ‘भात जुना आहे का’, ‘नीट शिजला नाही का’ अशी विचारणा होते, हे अनेक हॉटेलचालकांच्या अनुभवाचे आहे. एकदा-दोनदा ताट परत आले की मालक उकडा तांदूळ बंद करतो. त्याला दोष कसा द्यावा?

माशांच्या बाबतीतही तेच. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील लोक बांगडा, पेडवे, मुडदुशे, कर्ली, सौंदाळे आवडीने खातात. यातील कर्ली ही चवीला श्रेष्ठ, पण काट्यांनी भरलेली. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला काटा नको असतो. त्यामुळे त्याच्या ओळखीच्या माशांची यादी सुरमई, पापलेट आणि कोळंबी येथे सुरू होऊन तेथेच संपते. पापलेटाला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले, तेही त्याची घटती संख्या ध्यानात घेऊन संवर्धनाकडे लक्ष वेधण्यासाठी. सर्वांनी वर्षभर तीनच जातींचे मासे मागायचे, आणि समुद्रात जे विपुल मिळते ते काटेरी म्हणून नाकारायचे, हा व्यवहार समुद्रालाही परवडणारा नाही आणि रापणीवर जगणाऱ्या पारंपरिक मच्छीमारालाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे जाळे. त्यात सुरमई क्वचित लागते. लागतो तो बांगडा, पेडवे आणि इतर बारीकसारीक मासा. त्याला हॉटेलात भाव नसेल तर रापणकाराला पर्यटनाचा लाभ कोणता? पर्ससीन नौकांवर निर्बंध घालणारा आदेश राज्य शासनाने २०१६ मध्ये काढला, त्यामागे याच पारंपरिक मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा संघर्ष होता. किनाऱ्यावर येऊन ‘अस्सल’ मागणारा पर्यटक मात्र या संघर्षाच्या कोणत्या बाजूला आपले पैसे टाकतो, याचा विचार फारसा होत नाही.

मसाल्याची गोष्ट आणखी निराळी. ‘मालवणी मसाला’ या नावाने पाकिटात मिळणारी वस्तू सर्व पदार्थांना सरसकट लावली जाते. सिंधुदुर्गातील घरांत असे होत नाही. धणे, मिरची, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर असे जिन्नस भाजून केलेला मसाला मुख्यतः सागोतीला, म्हणजे मटण-कोंबडीला आणि काळ्या वाटाण्यासारख्या उसळींना. माशाच्या कढीला ओले खोबरे, सुकी मिरची, धणे, हळद यांचे ताजे वाटप, आंबटपणाला सोले आणि बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाला तिरफळे ठेचून. इतकेच. तिरफळाचा तो जिभेवर मुंग्या आणणारा गंध गरम मसाल्यात बुडून जाईल, हे कोणतीही गृहिणी सांगेल. हॉटेलात मात्र सकाळीच एक मोठे पातेलेभर ‘ग्रेव्ही’ तयार होते. मागणीनुसार त्यात सुरमई, कोंबडी किंवा अंडे सोडले जाते. ताजे वाटप करायला पाट्यावर किंवा मिक्सरवर बसणारे माणूस लागते, खोबरे त्याच दिवशीचे लागते आणि उरलेले टाकून द्यावे लागते. हे तिन्ही खर्च ‘ग्रेव्ही’ वाचवते. सोलकढीतही पुष्कळ ठिकाणी नारळाचे दूध पिळण्याऐवजी नारळाची तयार भुकटी पाण्यात कालवली जाते, त्याचे कारणही हेच.

येथे एक ऐतिहासिक गंमत नोंदवण्यासारखी आहे. ‘मालवणी जेवण’ ही स्वतंत्र ओळख मालवणात जितकी घडली, तितकीच, किंबहुना अधिक, मुंबईत घडली. गिरणगावात कोकणातून आलेले हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांच्या जेवणाची सोय चाळींतील खानावळवाल्या बायका करीत. महिन्याचे पैसे, दोन वेळचे जेवण, कधी उधारी. या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हे जग उद्ध्वस्त केले. त्याच सुमारास, १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीला मुंबईत मानाचे स्थान मिळवून दिले होते. पुढच्या दशकांत मुंबईत मालवणी हॉटेले फुलली ती या पार्श्वभूमीवर. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईत घडलेले ‘मालवणी हॉटेल’ आपल्या मेन्यूकार्डासह कोकणात परत आले. मुंबईचा माणूस मालवणात जाऊन जे मागतो, ते त्याने आधी मुंबईत खाल्लेले असते. त्याची जीभ जुळवून पाहते ती मुंबईच्या चवीशी.

या एका नावाखाली किती निरनिराळी ताटे गाडली गेली, याची मोजदाद व्हायला हवी. सारस्वतांचे, गाबितांचे, भंडाऱ्यांचे, मराठ्यांचे स्वयंपाक सारखे नाहीत. समुद्रकाठी शिजते ते घाटाखालच्या गावात शिजत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांचा स्वयंपाक तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, पण त्याची पाटी महामार्गावर शोधून सापडत नाही. सर्वांत विपरीत प्रकार अलिबाग परिसरात दिसतो. हा मुलूख आगरी-कोळ्यांचा. त्यांचे मसाले वेगळे, तांदळाच्या भाकरीचे तंत्र वेगळे, सुक्या मासळीचे प्रकार वेगळे. तरीही तेथील पाट्यांवर ‘मालवणी’ हाच शब्द ठळक असतो. कारण पर्यटकाला तेवढाच शब्द ठाऊक. अलीकडे काही ठिकाणी ‘आगरी-कोळी’ असा उल्लेख दिसू लागला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट म्हणावी लागेल.

कोकणाबाहेर चित्र फार वेगळे नाही. कोल्हापूरच्या नावाने देशभरातील हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा जो झणझणीत, लालभडक पदार्थ मिळतो, तो कोल्हापूरच्या घरांत कोणी करीत नाही. कोल्हापूरचे वैशिष्ट्य तिखटाच्या आतषबाजीत नाही. मटण शिजवताना निघणारे अळणी पाणी, त्याच्यापासून खसखस, तीळ, सुके खोबरे, काजू लावून केलेला सौम्य पांढरा रस्सा आणि त्याच्या जोडीला कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा, असा तो जोडीचा खेळ आहे. एक पेटवतो, दुसरा शांत करतो. बाहेरच्या जगाने यातला अर्धाच खेळ उचलला आणि ‘कोल्हापुरी म्हणजे तिखट’ असे समीकरण रूढ केले. आता खुद्द कोल्हापुरात येणारा पाहुणा ‘अजून तिखट करा’ म्हणतो आणि हॉटेलवालाही त्याची हौस पुरवतो. नागपूरच्या सावजीचे तेच. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरातला हा स्वयंपाक विणकामाला आणि गिरण्यांना उतरती कळा लागल्यावर भोजनालयांच्या रूपाने बाहेर आला. नागपूरची १८७७ पासूनची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. सावजीची पाटी मात्र पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचली. तिच्यामागे विणकर कुटुंब असेलच असे नाही, आणि तिखटाच्या पैजेपलीकडे त्या चवीत काय आहे हे जाणून घेण्याची उत्सुकता गिऱ्हाइकातही कमीच.

यात रस्त्यांचा वाटा किती, याची चर्चा सहसा होत नाही. जुने राज्यमार्ग गावांच्या पोटातून जात. एसटी जेथे थांबे, तेथे चहाची टपरी, मग वड्याची गाडी, मग खानावळ उभी राही. गावाचा पदार्थ प्रवाशाला ठाऊक होई तो अशा थांब्यांमुळेच. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने ‘फूड मॉल’ नावाची नवी व्यवस्था रुजवली. गाडी लावायला जागा, स्वच्छ प्रसाधनगृह, झटपट सेवा या गोष्टी प्रवाशाला हव्याच असतात आणि त्या तेथे मिळतात. परंतु तेथे विकले जाणारे पदार्थ मावळचे आहेत की मद्रासचे, हे सांगणे अवघड. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. विदर्भाचे झुणका-भाकर आणि पाटवड्या, मराठवाड्याची ज्वारी, खान्देशाच्या सीमेवरील शेवभाजी असा हा खाद्यप्रवास होऊ शकला असता. पण प्रवेशनियंत्रित मार्गावर मधेच थांबता येत नाही. खाणे मिळते ते ठरवून दिलेल्या सुविधा केंद्रांवर. तेथील जागा निविदेने दिली जाते आणि निविदा भरणे मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या खानावळवालीच्या आवाक्यातील काम नव्हे. वेळ वाचला, हे खरे. गावे मात्र टळली. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडल्याबद्दल कोकणी माणूस शासनाला रास्त बोल लावतो. पण तो पूर्ण झाल्यावर बाह्यवळणांमुळे बाजारपेठांतील किती चुली थंडावतील, याचाही हिशेब मांडून ठेवायला हवा.

शासनाचा भर सध्या आहे तो भौगोलिक मानांकनावर. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मुळशीचा आंबेमोहर, मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, जळगावचे भरिताचे वांगे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये हे मानांकन मिळाले. यादी अभिमानास्पद आहे. मात्र मानांकनाचा उपयोग मालाची खरेदी करणाऱ्याला होतो, ताटावर बसणाऱ्याला नाही. सोलकढीत पडलेले आमसूल कोणत्या जिल्ह्यातले, हे कोणतेही हॉटेल लिहीत नाही आणि कोणी विचारतही नाही. हापूसच्या पेटीवर ‘देवगड’ लिहून कर्नाटकचा आंबा खपवला जातो, ही दरवर्षीची तक्रार. मानांकन मिळूनही पेटीच्या बाबतीत जे थोपवता येत नाही, ते वाटीतल्या आमरसाच्या बाबतीत कोण थोपवणार?

शेजारच्या गोव्याने वेगळा मार्ग चोखाळला. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकाला गोव्याचेच जेवण मिळत नाही, मिळतात ते उत्तर भारतीय आणि चिनी पदार्थ, अशी ओरड तेथे जुनी होती. २०२३ मध्ये गोवा मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या शॅक धोरणात गोव्याचे खाद्यपदार्थ, विशेषतः माशाची कढी आणि भात, ठेवणे शॅकचालकांना बंधनकारक केले. हेतू चांगला आहे. तथापि नियम मेन्यूकार्डावर पदार्थाचे नाव आणू शकतो. तो रांधणारे हात आणू शकत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकातील विंदालू किंवा सोरपोतेल यांचा प्राण माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरात असतो. ती सूर काढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत. माडावर चढायला माणूस नसेल, तर बाटलीतले कारखानी व्हिनेगर वापरून केलेला विंदालू नियमानुसार ‘गोव्याचा’ ठरेल आणि चवीने कोठलाही नसेल.

अर्थात, अस्सलपणाच्या नावाने शुद्धतेचा आग्रह धरणेही भाबडेपणाचे. ज्या मिरचीवाचून मालवणी, कोल्हापुरी, सावजी यांची कल्पनाही करता येत नाही, ती पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून आणली. काजू त्यांनीच आणला, बटाटाही बाहेरचाच. स्वयंपाक सतत बदलत असतो आणि तसा तो बदलायलाच हवा. चिंता बदलाची नाही. चिंता आहे ती अशी की, पूर्वी हे बदल घराघरांत, हंगामाप्रमाणे आणि हाताशी असलेल्या जिनसांप्रमाणे होत. आता ते घाऊक पुरवठादाराच्या यादीप्रमाणे होतात. पहिल्या प्रकारात दर वीस कोसांवर चव पालटते. दुसऱ्यात राज्यभर एकच चव राहते आणि पाट्या तेवढ्या पालटतात.

मग प्रवाशाने जावे कोठे? याचे उत्तर थोडे गैरसोयीचे आहे. चांगले स्थानिक जेवण आजही मिळते, पण ते बहुधा महामार्गावर नसते आणि दुपारी तीननंतर नसते. तालुक्याच्या गावी कचेरी, न्यायालय, एसटी स्थानक यांच्या आसपास ज्या खानावळी असतात, त्यांचे गिऱ्हाईक स्थानिक असते. शिक्षक, कारकून, वकील, बाजाराला आलेले शेतकरी. रोज येणाऱ्या या माणसाला एकच ‘ग्रेव्ही’ वर्षभर खपवता येत नाही. म्हणून तेथे दर दिवशी बाजारात काय आले त्यावर ताट ठरते, आणि ते संपले की संपले. पाटी भडक नसते, कधी कधी नसतेच. आठवडी बाजार, देवस्थानांच्या जत्रा, कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव हीदेखील अशीच ठिकाणे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जिल्ह्याजिल्ह्यांतील बचत गटांच्या बायका मांडे, खापरावरची पुरणपोळी, भरीत, कोंबडी-वडे करून वाढतात तेव्हा शहरी गर्दी तासन् तास रांगेत उभी राहते. म्हणजे चवीची जाण शहरात नाही, असे म्हणता येणार नाही. त्याच बायका आपापल्या गावी कोठे आणि केव्हा जेवू घालतात, हे त्याच गर्दीला कळण्याची सोय मात्र नाही.

येथे प्रश्न पैशाचा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. प्रादेशिक स्वयंपाक हा प्रामुख्याने बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर उभा राहिला आहे. मसाल्याची मे महिन्यातील कुटाई, मासळीचे वाळवण, कुळीथ भाजून दळणे, पहाटेचे वाटण याची किंमत घरात कोणी लावली नाही. तो स्वयंपाक बाजारात आणायचा म्हटले की ही किंमत लागते, आणि लागली की गिऱ्हाईक कुरकुरते. सुरमईच्या ताटाला पाचशे-सातशे रुपये मोजणारा पर्यटक टाकळ्याची भाजी आणि कुळथाच्या पिठीला दोनशे रुपये द्यायला तयार होत नाही. ‘ही तर गरिबाघरची भाजी’ असे त्याला वाटते. वास्तविक श्रम पाहिले तर सुरमई तळणे सर्वांत सोपे. टाकळा खुडायला, निवडायला आणि आठळ्या सोलून ठेचायला बाईची अर्धी सकाळ जाते. खानावळ चालवणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे आणि त्यांच्या मुली-सुना या कामाकडे वळत नाहीत, यात नवल ते काय? घरच्या चुलीपुढचे बिनपगारी काम सोडून हॉटेलच्या चुलीपुढचे अल्प पगाराचे काम करण्यापेक्षा त्यांना कणकवली-कुडाळच्या दुकानातली किंवा मुंबईतली नोकरी अधिक सन्मानाची वाटते.

राज्य शासनाने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. प्रेमा पुरव यांनी पन्नास वर्षांपूर्वी जे ओळखले होते, ते धोरणात उतरले, ही समाधानाची बाब. तथापि कर्जासाठी तारण, नोंदणी, परवाने, हिशेब यांची जी वाट चालावी लागते ती परसातल्या पडवीत आठ माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला लांबची वाटते. तिला कर्जापेक्षा गिऱ्हाइकाची खात्री हवी असते. ज्या ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली घरांची नोंदणी होते, ती या दृष्टीने अधिक जवळची. कोकणात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांतील स्वयंपाकघरे बहुधा घरच्याच बायकांच्या हाती आहेत आणि पाहुणा एक-दोन रात्री मुक्काम करीत असल्याने त्याला जेवायची घाई नसते. खोलीचे दर, वातानुकूलन, गाडी लावायची जागा यांची माहिती प्रत्येक घर देते. त्या महिन्यात त्या घरात काय शिजते, याची माहिती देण्याची पद्धत मात्र पडलेली नाही. ती पाडायला निविदाही लागत नाही आणि कर्जही.

सध्या या घरांत न्याहारीला सर्रास मिळतात ते कांदेपोहे, उपमा आणि ब्रेड-ऑम्लेट. पाहुण्यांना हेच चालते, असे घरमालकिणी सांगतात. येथे दुसरे काही मिळत नाही, असे पाहुणे परत येऊन सांगतात. आंबोळी का नाही, याचे उत्तर साधे आहे. तिचे तांदूळ आणि उडीद आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावे लागतात, संध्याकाळी वाटावे लागतात आणि पीठ रात्रभर फुगू द्यावे लागते. पाहुणा पोहोचतो रात्री नऊला आणि न्याहारीचे विचारतो सकाळी आठला. ज्याला आंबोळी खायची आहे, त्याने खोली ठरवतानाच तसे फोनवर सांगावे लागते.